माणसे कशाने जोडली जातात? : समाजशास्त्राच्या दृष्टीतून आधुनिक समाज

प्रास्ताविक

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावयास बसलो, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते जून महिन्यातील वसतिगृहाचे अंगण. हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी, आणि आईवडिलांची पाठ फिरली की ओठ घट्ट मिटून उभा राहणारा मुलगा. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने हा दिवस अनुभवला आहे, आणि पालकांपैकी प्रत्येकाने तो दुसऱ्या बाजूने सोसला आहे. त्या दिवशी मुलाला एवढेच ठाऊक असते की, आपण घर सोडून शाळेत आलो. प्रत्यक्षात त्याने एका प्रकारच्या समाजातून दुसऱ्या प्रकारच्या समाजात पाऊल टाकलेले असते. गावात तो अमक्याचा नातू आणि तमक्या वस्तीतला म्हणून ओळखला जातो. येथे त्याचे नाव हजेरीपटावर येते, त्याचा दिवस घंटेने सुरू होतो, आणि ताटाला ताट लावून बसणारे त्याचे सोबती निरनिराळ्या तालुक्यांतून आलेले असतात. पुढे तो शहरात शिकतो, कचेरीत किंवा कारखान्यात नोकरी धरतो, कधी परदेशीही जातो. प्रत्येक मुक्कामी त्याची जुनी नाती थोडी सैल होतात आणि नवी नाती जोडावी लागतात.

जन्माने मिळालेली नाती सैल झाली, तर माणसे एकमेकांशी कशाने बांधलेली राहतात? समाजशास्त्र या विद्याशाखेचा जन्मच या प्रश्नातून झाला. या लेखात आम्ही त्या शास्त्रातील काही प्रमुख विचारवंतांनी आधुनिक समाजाचा अर्थ कसा लावला ते थोडक्यात मांडणार आहोत, आणि तो अर्थ आपल्या भूमीवर कितपत लागू पडतो याची तपासणी करणार आहोत. विषय ग्रंथातला असला, तरी त्याचा संबंध आपल्या घरातील मुलामुलींच्या नोकरीशी, लग्नाशी आणि शेजाराशी आहे. म्हणून वाचकांनी तो परका मानू नये, ही विनंती.

प्रश्नाचा जन्म

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दोन मोठ्या उलथापालथी झाल्या. फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीने राजा, सरदार आणि धर्मपीठ यांची शतकानुशतकांची सत्ता हादरली. इंग्लंडमध्ये वाफेच्या यंत्राने कारखाने उभे केले आणि खेड्यांतील माणसे गिरण्यांच्या शहरांत लोटली गेली. जुने जग मोडत होते. नवे कसे असेल हे कोणालाच नीट दिसत नव्हते. या संभ्रमाच्या काळात फ्रेंच विचारवंत ऑगस्त काँत यांनी समाजाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची कल्पना मांडली आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्या अभ्यासाला 'समाजशास्त्र' हे नाव दिले. निसर्गाला जसे नियम असतात तसे समाजालाही असतात आणि निरीक्षणाने ते शोधता येतात, ही त्यांची भूमिका होती.

जर्मन विचारवंत फर्डिनांड टॉनीज यांनी १८८७ मध्ये या बदलाला दोन नावे दिली. नातेगोते, शेजार, परंपरा यांनी बांधलेल्या आणि एकमेकांना आतबाहेर ओळखणाऱ्या माणसांच्या समूहाला त्यांनी 'समुदाय' म्हटले. व्यवहार, करार आणि हितसंबंध यांनी जोडलेल्या आणि एरवी एकमेकांना अनोळखी असणाऱ्या माणसांच्या रचनेला त्यांनी 'समाज' म्हटले. गावातला कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांना माल पुरवतो. त्यांच्या सुखदुःखात तो असतो. शहरातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचे नावही माहीत नसते. पैसे दिले, माल घेतला, संबंध संपला. आधुनिक काळ म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे होणारा प्रवास, असे टॉनीज यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या लिखाणात हरवलेल्या समुदायाविषयीची हळहळही जाणवते. या हळहळीकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत, कारण आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना ती मुळीच वाटली नसती.

चार विचारवंत, चार उत्तरे

कार्ल मार्क्स यांनी आधुनिक समाजाकडे उत्पादनाच्या अंगाने पाहिले. जमीन, यंत्रे, भांडवल कोणाच्या हाती आहे आणि श्रम कोण करतो, यावरून समाजाची घडण ठरते, असे त्यांचे सूत्र होते. कारखान्यातील कामगार स्वतंत्र असतो. तो कोणाचा वेठबिगार नसतो. तरीही पोटासाठी त्याला आपली श्रमशक्ती विकावी लागते. त्याने घडवलेली वस्तू त्याची राहत नाही, कामावर त्याची हुकमत राहत नाही, आणि शेवटी तो स्वतःपासूनही दुरावतो. या अवस्थेला मराठी अभ्यासकांनी 'परात्मता' हा शब्द योजला आहे. मार्क्स यांच्या मते आधुनिक समाजात माणसांना जोडणारा खरा दुवा म्हणजे समान वर्गहिताची जाणीव.

एमिल डरखाईम यांचे उत्तर वेगळे होते. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रमविभागणीवरील ग्रंथात त्यांनी दोन प्रकारचे ऐक्य सांगितले. पूर्वीच्या समाजात सारे एकसारखे जगत, एकसारखे मानत. त्या सारखेपणातून येणाऱ्या ऐक्याला त्यांनी 'यांत्रिक ऐक्य' म्हटले. तेथे कायदा मुख्यतः शिक्षा करणारा असतो, कारण एकाने रूढी मोडली की साऱ्यांच्या श्रद्धेला धक्का बसतो. आधुनिक समाजात प्रत्येकाचे काम निराळे असते. शिक्षकाला शेतकरी लागतो, शेतकऱ्याला वैद्य लागतो, वैद्याला औषध बनवणारा लागतो. शरीराचे अवयव भिन्न असल्यामुळेच जसे एकमेकांवर अवलंबून असतात, तसे हे 'सेंद्रिय ऐक्य' होय. तेथे करार, नुकसानभरपाई, हक्क यांचा कायदा वाढतो.

डरखाईम यांनी धोक्याची सूचनाही दिली. बदल फार वेगाने झाला, तर जुने नियम सुटतात आणि नवे रुजलेले नसतात. माणसाला काय योग्य, काय पुरेसे हेच कळेनासे होते. या स्थितीला ते 'ॲनॉमी' म्हणतात. मराठीत तिला प्रमाणकशून्यता म्हणता येईल. १८९७ च्या आत्महत्येवरील ग्रंथात त्यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवले की, वरकरणी अत्यंत खाजगी वाटणारे हे कृत्यही माणूस समाजाशी किती आणि कसा बांधलेला आहे यावर अवलंबून असते. त्यांना असेही आढळले की, आर्थिक अरिष्टात आत्महत्या वाढतात तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात. गरिबीपेक्षा तुटलेपण अधिक घातक ठरू शकते, हा त्यातला बोध आजच्या पालकांनीही ध्यानी घ्यावा असा आहे.

मॅक्स वेबर यांना आधुनिकतेचे मर्म विवेकीकरणात दिसले. परंपरा म्हणून किंवा भावनेच्या भरात काही करण्याऐवजी हिशेब, नियम आणि साध्य-साधनांचा विचार करून वागणे, ही आधुनिक वृत्ती होय. तिचे सर्वांत ठळक रूप म्हणजे नोकरशाही. लेखी नियम, फाइली, पात्रतेनुसार नेमणूक, पद आणि व्यक्ती यांची फारकत ही तिची लक्षणे. आदर्श कचेरीत समोरचा माणूस कोण आहे हे पाहिले जात नाही. त्याचा अर्ज नियमात बसतो की नाही एवढेच पाहिले जाते. यात न्याय आहे, पण कोरडेपणाही आहे. नियमांचे हे यंत्र एके दिवशी माणसाभोवती पोलादी पिंजऱ्यासारखे उभे राहील, ही वेबर यांची भीती होती.

गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातील मनाचा अभ्यास मांडला. शहरात क्षणोक्षणी इतकी माणसे, आवाज, दृश्ये समोर येतात की, मन स्वतःचे रक्षण करण्यासाठी अलिप्त होते. पैसा सर्व गोष्टींना एकाच मापाने मोजतो, त्यामुळे वस्तूंचे आणि माणसांचे वेगळेपण पुसट होते. पण याच अलिप्ततेतून व्यक्तीला असे स्वातंत्र्य मिळते, जे लहान गावात कधीच मिळाले नसते. तेथे तिच्यावर शंभर डोळ्यांचा पहारा नसतो. गर्दीतला एकटेपणा ही या स्वातंत्र्याची दुसरी बाजू आहे, हे झिमेल यांनी ओळखले.

या चौघांची उत्तरे भिन्न असली, तरी त्यांच्या विचारात एक समान गृहीत दिसते. उद्योग, पैसा, शहर आणि नियम यांच्या रेट्याने जन्माधिष्ठित बंधने क्रमाने गळून पडतील, असे ते गृहीत होय. ते आपल्याकडे कितपत खरे ठरले, हे आता पाहू.

रेल्वे, गिरणी आणि धोटा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात कार्ल मार्क्स यांचा भारताविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या पाठोपाठ आधुनिक उद्योग येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती हे उद्योग विरघळवून टाकतील, असे भाकीत त्यांनी त्यात केले होते.

भाकिताचा पहिला भाग लवकरच खरा ठरला. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढील काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे आली. शेतमजूर यंत्रावर उभा राहिला, पिढीजात धंदे सुटले, एकाच भोंग्याने निरनिराळ्या जातींची माणसे कामाला निघू लागली.

दुसरा भाग मात्र गिरणीच्या दारातच अडला. गिरण्यांतील विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास स्पृश्य कामगार तयार नव्हते. यंत्र विलायतेहून आले होते, भांडवल नवे होते, बाजारपेठ दूरदेशीची होती. विटाळ मात्र जुनाच राहिला आणि त्या यंत्रावर जाऊन बसला. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. मालकाविरुद्ध एकजूट करू पाहणाऱ्या कामगारांतच ही भिंत उभी असेल तर समान वर्गहिताची जाणीव कोठून येणार, हा त्यामागचा सवाल होता.

एका धोट्याची ही हकिकत आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली. आधुनिक साधने आली की आधुनिक समाज आपोआप येतो, ही समजूत तपासून पाहण्यास ती पुरेशी आहे.

आंबेडकरांचे समाजशास्त्रीय योगदान

बाबासाहेबांकडे आपण संविधानाचे शिल्पकार आणि मुक्तिदाते म्हणून पाहतो. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे कार्य त्या मानाने कमी अभ्यासले जाते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. तोवरच्या अभ्यासकांनी जातीची लक्षणे म्हणून विटाळ, धंदा, धर्माज्ञा अशा अनेक गोष्टी सांगितल्या होत्या. तरुण आंबेडकरांनी त्या सर्वांच्या मुळाशी जाऊन सांगितले की, जातीचा गाभा म्हणजे अंतर्विवाह, अर्थात आपल्याच गटात लग्न करण्याचा निर्बंध. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग. एका वर्गाने प्रथम आपले दार लावले. इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि जे उरले त्यांच्यासाठी बाहेरून दारे बंद झाली. अनुकरणाच्या या मांडणीत त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या विचाराचा आधार घेतला होता.

पुढे १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या भाषणात, त्यांनी श्रमविभागणीचा मुद्दा घेतला. जात ही श्रमाची विभागणी आहे, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले की, जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीची. तीत माणसाचा कल, कौशल्य किंवा निवड यांना स्थान नाही. डरखाईम यांच्या विवेचनाशी हा विचार ताडून पाहण्याजोगा आहे. श्रमविभागणी माणसांवर लादली गेली तर तिच्यातून ऐक्याऐवजी कलह निर्माण होतो, असे डरखाईम यांनीही म्हटले होते आणि तेथे जातींचा निर्देश केला होता. त्यांच्यासाठी तो श्रमविभागणीचा एक विकृत प्रकार होता. आपल्याकडे मात्र कोट्यवधी लोकांसाठी तोच नित्याचा नियम होता.

आता टॉनीज यांच्या हळहळीकडे वळू. उबदार समुदाय म्हणून ज्या गावाचे चित्र रंगवले जाते, त्या गावाला आपल्याकडे गावकूस होते. कुसाच्या आतल्या माणसाला गाव सोडताना काहीतरी मोलाचे हरपल्यासारखे वाटले असेल. कुसाबाहेरच्या माणसाला मात्र शहराची अनोळखी गर्दी हा दिलासा होता. कारण त्या गर्दीत त्याला कोणी लगेच ओळखत नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती या अनुभवाच्या बळावर. झिमेल यांनी सांगितलेले शहराचे स्वातंत्र्य कोणासाठी किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात येते. कोणताही सिद्धान्त वाचताना तो कोठे उभे राहून पाहिला गेला आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आजचे चित्र

ही सारी गतकाळची कथा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दोन अलीकडील नोंदी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली नोंद कचेरीची. वेबर यांनी वर्णिलेल्या आदर्श कचेरीत अर्जदाराची पात्रता पाहिली जाते, जन्म पाहिला जात नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी क्षेत्रातील नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवून हे तपासले. फरक एवढाच की, काही अर्जांवर उच्चवर्णीय आडनावे होती, काहींवर दलित आणि काहींवर मुस्लिम नावे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली. मुस्लिम नावाच्या अर्जदाराची त्याहूनही कमी. फाइल आधुनिक, नियम आधुनिक. पण फाइल उघडणारी नजर आडनावावर थबकत होती.

दुसरी नोंद घराची. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहाचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. म्हणजे १९१६ च्या निबंधात ज्या बंद दाराकडे बोट दाखवले होते, ते शंभर वर्षांनी किंचित किलकिले झाले आहे. वधूवरांची माहिती पूर्वी नातेवाइकांच्या तोंडून येई, आता ती भ्रमणध्वनीवर येते. त्यातील जातीचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी कायम आहे.

प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५७ मध्येच असे निरीक्षण मांडले होते की, आधुनिक राजकारण, मतदान आणि दळणवळण यांमुळे जात दुबळी होण्याऐवजी तिला नवे बळ मिळत आहे. यावरून निराश होण्याचे कारण नाही. पूर्वी जे ईश्वरी विधान मानले जाई, ते आज कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी ज्याची मोजदादही होत नव्हती, त्यावर आज संशोधन होते आणि प्रश्न विचारले जातात. परंतु बंधने आपोआप गळून पडतील, हा भरवसा आपण सोडून दिला पाहिजे. नवे नाते जाणीवपूर्वक घडवावे लागते.

नाते घडवणाऱ्या संस्था

ते कोणी घडवायचे? या बाबतीत डरखाईम यांचा एक विचार आपल्याला फार उपयोगी पडेल. १९०२ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत ते म्हणतात की, एका बाजूला अवाढव्य राज्यसंस्था आणि दुसऱ्या बाजूला सुटी सुटी माणसे, एवढ्यावर समाज टिकत नाही. त्यांच्यामध्ये अशा संस्था हव्यात, ज्यांत माणूस प्रत्यक्ष वावरतो, ज्यांचे नियम त्याला आपले वाटतात. डरखाईम यांच्या मनात व्यावसायिक संघ होते. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मोठ्या प्रमाणावर वसतिगृहांनी केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीला जेवत.

पंगतीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. वेबर यांनी भारतातील धर्मांवरील आपल्या ग्रंथात सहभोजनाला मोठे महत्त्व दिले आहे. प्राचीन अँटिऑक नगरीत निरनिराळ्या कुळांचे ख्रिस्ती लोक एका ताटावर बसले, त्या घटनेत त्यांना पाश्चात्त्य नागरिकत्वाचे बीज दिसले. जे एकत्र जेवू शकत नाहीत ते एकत्र नगर चालवू शकत नाहीत, असा त्या विवेचनाचा रोख आहे. भारतात रोटीव्यवहाराच्या निर्बंधांनी नागरी बंधुत्वाची वाट अडवली, हे त्यांचे निदान होते. वसतिगृहातील पंगत ही म्हणूनच केवळ पोट भरण्याची सोय नसते.

तथापि येथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मुंबई विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या, मूळच्या मालवणच्या प्रा. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात असे दाखवले की, शहरांत निघालेल्या जातवार सभा, संस्था आणि शिष्यवृत्त्या यांमुळे जातीचा अभिमान अधिक पक्का होतो. आपापल्या समाजाने काढलेल्या शाळा आणि वसतिगृहे याला अपवाद आहेत का? ज्यांना इतरांनी दारे बंद केली, त्यांनी आपले घर बांधले यात दोष नाही. ते बांधले नसते तर आमच्यापैकी कित्येक जण आज लिहू-वाचू शकले नसते. प्रश्न पुढचा आहे. आपण बांधलेल्या घराला दारे किती, आणि ती कोणाकडे उघडतात?

कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू असलेल्या जॉन ड्युई यांनी १९१६ च्या लोकशाही आणि शिक्षणावरील ग्रंथात समूहाची पारख करण्याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. त्या समूहातील माणसे किती आणि किती प्रकारच्या गोष्टी जाणीवपूर्वक वाटून घेतात, ही पहिली. इतर समूहांशी त्यांची देवाणघेवाण किती मोकळी आहे, ही दुसरी. चोरांच्या टोळीतही एकजूट असते. पण ती दोन्ही कसोट्यांवर उणी पडते. १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी आदर्श समाजाचे जे वर्णन केले, त्यातही अनेक मार्गांनी होणाऱ्या या परस्परसंपर्काला मध्यवर्ती स्थान आहे.

या दोन कसोट्या आपण आपल्यालाच लावून पाहू. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आपण आठवणी वाटून घेतो, ते उत्तम आहे. पण ज्याची नोकरी सुटली, जो शहरात एकटा पडला, त्याची अडचणही आपण वाटून घेतो का? आपल्यातील शिकून पुढे गेलेल्यांनी मागे राहिलेल्या वस्तीकडे पाठ तर फिरवली नाही ना? आपल्यातच उपजातींची लहान लहान कुसे उभी आहेत, ती मुलीच्या लग्नाची वेळ आली की अचानक उंच तर होत नाहीत? आणि आपल्या शाळेच्या पंगतीत भटक्यांची, आदिवासींची, अन्य समाजातील गरिबांची मुले आपुलकीने बसतात का? या प्रश्नांची उत्तरे देणे सोपे नाही. ती प्रत्येकाने आपल्या घरात शोधावयाची आहेत.

समारोप

समाजशास्त्राने आधुनिक समाजाविषयी आपल्याला बरेच काही शिकवले. श्रमिकाचे दुरावलेपण मार्क्स यांनी दाखवले, तुटलेपणाचा धोका डरखाईम यांनी, नियमांचे बळ आणि त्यांचा कोरडेपणा वेबर यांनी, गर्दीतले स्वातंत्र्य झिमेल यांनी. या विचारात एक उणीव होती, ती या भूमीवरच्या अनुभवाने भरून काढली. जन्माची बंधने काळाच्या ओघात आपोआप गळत नाहीत. ती नव्या यंत्रावर, नव्या कचेरीत, नव्या पडद्यावर पुन्हा जागा शोधतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही असे निक्षून सांगितले. स्वातंत्र्य आणि समता यांच्यासाठी कायदे करता येतात. बंधुतेसाठी सहवास लागतो, सवय लागते आणि लहानपण लागते.

म्हणूनच जून महिन्यात पेटी घेऊन अंगणात उभ्या राहिलेल्या त्या मुलाकडे आम्ही पुन्हा पाहतो. संध्याकाळ होते, घंटा वाजते, आणि कोणीतरी मोठा मुलगा त्याच्या हातात ताट देऊन त्याला आपल्या शेजारी बसवतो. कोणाचा कोण, कोणत्या गावचा, हे त्या वेळी विचारले जात नाही. मोठेपणी आपणही अनोळखी माणसाला असेच शेजारी बसवून घेऊ शकलो, तर येथील शिक्षण आपल्या अंगी मुरले असे म्हणता येईल. सर्व माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी या दृष्टीने विचार करावा, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे.